सावळीराम बेलिफाची पारख

सावळीराम आहेर गेला, त्याच्या तेराव्याला कोर्टातली जुनी माणसं पंगतीत बसून एकच गोष्ट घोळवत होती. पारख करावी तर सावळीराम बेलिफानं. माणूस उंबऱ्यात उभा राहिला की हा त्याच्या घरातली भांडी मोजून सांगायचा! आतल्या खोलीत बसलेल्या वत्सलाबाईंनी ते ऐकलं आणि हळूच दार लोटून घेतलं. मेलेल्या नवऱ्याचं कौतुक कोणाला नको असतं? पण ह्याच पारखेनं त्याच्या तोंडचा घास कडू करून टाकला होता, आणि पंगतीतल्या एकालाही त्याचा पत्ता नव्हता.

सावळीराम मूळचा देवळ्याकडचा. चार भावांत जमीन ती केवढी, म्हणून तरुणपणीच नाशिकला आला आणि दिवाणी कोर्टात बेलीफ म्हणून चिकटला. बेलीफ म्हणजे कोर्टाचा निरोप्या. समन्स घेऊन दारोदार हिंडायचं, आणि हुकूम झाला की कोणाच्या तरी घरात शिरून जप्ती करायची. असल्या माणसाला कोण चहा विचारणार? लोक दार लावून घेत, कुत्री सोडत, घरात आहे नाही ते शेजारी लपवत. आयुष्यभर हेच पाहिल्यावर माणसाच्या डोळ्याला जी धार येते ती सावळीरामच्या डोळ्याला आली होती. एकदा सिन्नरकडे जप्तीला गेला तर घरधनी फाटक्या गोधडीत कण्हत पडलेला, चुलीत राख गार, बायको डोळ्याला पदर लावून बसलेली. सावळीरामनं आजाऱ्याच्या मिशीला लागलेलं तूप पाहिलं, तडक शेजारच्या गोठ्यात गेला आणि ह्याच्याच दोन म्हशी सोडून घेऊन आला. आजारी माणूस गोधडी फेकून मागं धावला म्हणे, आणि चांगला धावला.

नव्वद साली तो निवृत्त झाला. घरी बसून वत्सलाबाईंच्या स्वयंपाकाला नावं ठेवायला लागला, तेव्हा त्यांनीच कंटाळून त्याला बाहेर काढलं. गंगापूर रोडला एका जुन्या बंगल्याच्या दोन खोल्यांत एक संस्था गरिबांसाठी कायदा मदत केंद्र चालवत होती. केंद्र म्हणजे काय, तीन वकील. आपापली प्रॅक्टिस सांभाळून ते काही खटले फुकट लढत. सरकारी मोफत वकिलाची सोय कागदावर होती, पण ती आहे हे डोंगरातल्या माणसाला कोण सांगणार? म्हणून केंद्राच्या दाराशी सकाळपासून माणसं बसलेली असत. तीन वकील किती जणांना पुरणार? कोणीतरी निवडायला हवं होतं. संस्थेच्या लोकांनी व्हरांड्यात एक बाक टाकला, सावळीरामला त्यावर बसवलं आणि सांगितलं, खरा गरजू असेल तोच आत सोडा.

अहो, त्याच्यासाठी हे काम म्हणजे पुन्हा लग्नाला उभं राहण्यासारखंच होतं! धुतलेलं धोतर, टोपी, कपाळाला बुक्का, आणि समोर येईल त्याला पायापासून वर पाहत जायचं. पायाच्या भेगा, हाताचे घट्टे, मानेवर डोईच्या ओझ्याची खूण. त्याचं म्हणणं एकच असे: सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. म्हणजे श्रीमंताला गरिबीचं सोंग आणता येतं, ते आपण पकडायचं. गरीब बिचारा श्रीमंतीचं सोंग कुठून आणणार? तेव्हा अंगावर दिसतं ते खरंच असणार. हिशेब असा सोपा होता.

आणि तो चुकतही नसे. एकदा त्याच्याच गावाकडचा एक कांद्याचा व्यापारी भावाशी वाटणीचा दावा लढायला फुकट वकील मागायला आला. अंगात ठिगळाचा सदरा, पायात काही नाही. सावळीराम त्याच्याशी गोड बोलला, तिकडच्या बोलीत घरदार विचारलं, आणि मग त्याचा हात हातात घेऊन बोटावरचा पांढरा वळ दाखवला. अंगठी काढून आलात, पण वळ कुठं ठेवून येणार, एवढंच विचारलं. व्यापारी गेला तो परत आला नाही. ही गोष्ट केंद्रात वर्षभर चालली. तृप्ती गायधनी नावाची तरुण वकील तिथं नवीन होती, ती तर त्याला ‘एक्स-रे काका’ म्हणायची. सावळीरामला ते आवडायचं. का नाही आवडणार?

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात भागीबाई आली.

पेठच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत बोरपाडा म्हणून कोकणा आदिवासींची वस्ती आहे, तिथली. पावसाळ्यात भात आणि नागली, आणि ती संपली की सगळा पाडा द्राक्षबागांत मजुरीला उतरायचा. दिंडोरीकडच्या एका बागेतून पाणी उपसायची मोटर चोरीला गेली, मालकानं मजुरांकडे बोट केलं, आणि पोलिसांनी भागीबाईच्या नवऱ्याला, गोटीरामला उचललं. मोटर सापडली नव्हती. गोटीराम नाशिकरोडच्या तुरुंगात जाऊन बसला होता. वकील नाही म्हणून जामिनाचा अर्ज नाही, आणि अर्ज नाही म्हणून सुटका नाही. कोणीतरी तिला गंगापूर रोडचा पत्ता सांगितला.

सावळीरामनं नेहमीप्रमाणे पायापासून सुरुवात केली. पायात नव्या कोऱ्या चपला. अंगावर इस्त्री न मोडलेलं हिरवं लुगडं. दंडात चांदीचे जाड वेळे. गळ्यात राणीछाप रुपयांची माळ, चांगली छातीवर रुळणारी, मधला एक रुपया तेवढा अर्धा तुटलेला. सोबत झुंबर नावाचा पाड्यावरचाच माणूस, त्याच्या मनगटाला घड्याळ. आणि फाटकाबाहेर जीप उभी. सावळीरामच्या कपाळाला आठी पडली. पाठीमागं चार बायका बसल्या होत्या, एकीच्या पदरातलं पोर तापानं फणफणलेलं, आणि ही बाई जीपमधून उतरून फुकट वकील मागतेय!

त्यानं जास्त काही विचारलं नाही. जीप कोणाची म्हणून विचारलं, झुंबर म्हणाला, आम्हीच केली. बाईला विचारलं, घरी कसं काय? ती मान ताठ ठेवून म्हणाली, बरं चाललंय, देवाची कृपा हाय. तिचे डोळे लाल होते, पण सावळीराम हाताचे घट्टे पाहत होता, डोळे नाही. घट्टे होते. पण घट्टे तर आमच्या देवळ्याच्या बागायतदारणींच्या हातालाही असतात, असं तो मनात म्हणाला.

“बाई, हे केंद्र ज्यांना वकील झेपत नाही त्यांच्यासाठी आहे,” तो म्हणाला. “तुम्ही कोर्टाच्या आवारात जा. तिथं पैसे देऊन पाहिजे तेवढे वकील मिळतात.”

 झुंबर काहीतरी बोलायला गेला, भागीबाईनं त्याला खुणेनं थांबवलं. दोन्ही हात जोडून तिनं सावळीरामला नमस्कार केला आणि दोघं निघून गेली. त्या नमस्कारानं सावळीरामला जरा चुटपुट लागली, पण दुपारी डबा खाईपर्यंत ती गेलीसुद्धा.

दिवाळी होऊन गेली. एके दिवशी बाकासमोर दुसरी एक बाई येऊन उभी राहिली. बायडाबाई, गाव बोरपाडा. हिच्या नवऱ्यानं दुसरी बायको करून हिला घराबाहेर काढलं होतं. सावळीरामची नजर पायातल्या चपलांवरून वर चढत गेली आणि गळ्यापाशी अडकली. राणीछाप रुपयांची माळ. मधला रुपया अर्धा तुटलेला.

आधी त्याला वाटलं, भागीबाईनं विकली असेल, हिनं घेतली. मग लुगड्याकडे पाहिलं. तेच हिरवं. वेळेही तेच.

“ही माळ कोणाची?” त्यानं विचारलं.

बायडाबाई गोंधळली. हे काय विचारायची गोष्ट झाली? पण बेलिफाचा आवाज जुना होता, त्यानं विचारल्यावर माणसं बोलायचीच. ती हळूहळू सांगायला लागली. माळ म्हातारी मालनबाईची. वेळे सोनूच्या आईचे. लुगडं पाटलाच्या सुनेचं, चपला शाळेतल्या बाईंनी दिलेल्या. पाड्यावरचं कोणीही कचेरीला, कोर्टाला, साहेबाच्या दाराला निघालं की सगळा पाडा मिळून त्याला सजवतो. ज्याच्याकडे जे चांगलं असेल ते त्या दिवशी त्याच्या अंगावर. जीपला घराघरातून थोडंथोडं जमवतात. आजे-पणजे तसंच करायचे. उघड्या अंगानं गेलेल्या माणसाला साहेब उभा करत नाही, आणि त्यात पाड्याची अब्रू जाते. आणि दुसऱ्याचं घालून आलोय असं सांगायचं नसतं, कारण ते देणाऱ्याचं नाक कापल्यासारखं होतं.

 सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही, असं सावळीराम उभा जन्म म्हणत आला होता. इथं तर पन्नास उंबरे एकत्र येऊन ते सोंग आणत होते, आणि तेही फसवायला नाही, मानानं उभं राहता यावं म्हणून.

त्यानं घाबरत गोटीरामचं विचारलं. बायडाबाईचा चेहरा खुलला. तो तर आवणीच्या आधीच घरी आला, म्हणाली. भाताची रोपं लावायला माणूस हवा होता ना. कोर्टात साहेबांनी विचारलं, चोरी केलीस का, तो म्हणाला, कबूल. मग साहेब म्हणाले, इतके दिवस आत बसलास तेवढी शिक्षा पुरे, जा घरी. तुरुंगातल्या एका जुन्या कैद्यानंच त्याला ही वाट सांगितली होती.

सावळीरामनं बायडाबाईला आत पाठवलं आणि मागोमाग स्वतः तृप्तीच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. सगळं सांगितलं. काही करता येईल का? तृप्तीनं मान हलवली. स्वतःच्या तोंडानं कबूल केलेल्या गुन्ह्यावर अपील करून निर्दोष ठरता येत नाही, म्हणाली. आता तो कायद्याच्या लेखी चोर. आणि वर हेही म्हणाली, की त्या दिवशी जामिनाचा साधा अर्ज जरी टाकला असता ना काका, तरी आठवड्यात बाहेर आला असता, त्याच्याकडे सापडलं तरी काय होतं? पोरीच्या मनात टोचायचं नव्हतं. पण टोचलंच.

त्या रात्री त्यानं वत्सलाबाईंना सांगितलं. त्यांनी भाकरी थापता थापता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “माझ्या लग्नातली मोहनमाळ तरी माझी होती का? तुमच्या काकूची होती. तुम्हाला इतक्या वर्षांत ते कळलं नाही, तर त्या बाईचं काय कळणार!”

दोन दिवसांनी तो बोरपाड्याला गेला. पेठपर्यंत एसटी, पुढं चालत. पाड्यानं त्याचं काय स्वागत केलं म्हणता! खाट टाकली, नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण वाढलं, साहेब आला म्हणून पोरांना बाहेर पिटाळलं. गोटीराम काटक, हसऱ्या तोंडाचा माणूस. भागीबाई गुडघ्यापर्यंत नेसलेल्या जुन्या लुगड्यात, गळ्यात काळ्या मण्यांची पोत तेवढी. सावळीरामला ती ओळखूसुद्धा आली नाही.

तो माफी मागायला आला होता. कोर्टातली भाषा आयुष्यभर बोललेला माणूस, शेवटी त्याच्या तोंडातून घरची बोली आली.

“मनी चूक शे, माझी चूक आहे,” तो म्हणाला. “तुम्ही पैसेवाले आहात असं मला वाटलं. माळ पाहून वाटलं.”

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग कळलं, आणि सगळे मालनबाईकडे पाहायला लागले. म्हातारीचं तोंड उतरलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला. तिच्या माळेनंच घात केला म्हणायला लागली, तिनं ती द्यायलाच नको होती. बायका तिची समजूत काढायला लागल्या. गोटीरामही तिला म्हणाला, जाऊ दे आजी, तुझा काय दोष, सुटलो ना मी. सावळीराम सांगत राहिला की दोष माझा आहे, माझा. पण तिकडं कोणाचं लक्षच नव्हतं. त्याला हव्या होत्या त्या चार शिव्या, आणि मिळत होती भाकरी. असा अन्याय झालाय का कोणावर?

निघताना त्यानं भागीबाईला निक्षून सांगितलं, पुन्हा कधी केंद्रात यायची वेळ आली तर असं नटून येऊ नका. आहात तसे या.

पुढची अडीच वर्षं तो बाकावर बसला, पण पहिल्यासारखा नाही. पायांकडे पाहायचं त्यानं सोडलं. येईल त्याला खाली बसवून आधी पाणी द्यायचा आणि घरचं विचारत राहायचा, इतका की मागची रांग कुरकुरायला लागायची. एक्स-रे काका म्हटलं की तो उठून व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जायचा.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात बागांतून पुन्हा मोटरी चोरीला गेल्या. पोलिसांनी जुन्या चोरांची नावं काढली. त्यात मोटरचोर म्हणून गोटीरामचं नाव वरच होतं. चोरी झाली तेव्हा तो मजुरीला दुसऱ्याच बागेत होता, बरोबर पाड्यावरची दहा माणसं होती. पण नावावर शिक्षा असलेल्या माणसाचं कोण ऐकतं? पुन्हा नाशिकरोड.

भागीबाई केंद्रात आली. बाकासमोर उभी राहिली आणि सावळीराम दचकून उठला. अंगावरचं लुगडं लुगडं म्हणावं असं नव्हतं, चिंध्या गाठी मारून जोडलेल्या. पाय अनवाणी, टाचा रक्ताळलेल्या. हात मोकळे, गळ्यात काळी पोतसुद्धा नाही. केसांना तेल नाही. एकटीच आली होती, निम्मी वाट चालत.

तिला पाणी देता देता त्याच्या ध्यानात आलं. अडीच वर्षांपूर्वी घरी पाहिली तेव्हासुद्धा ती अशी नव्हती. पाड्यानं ह्या वेळी घरोघर हिंडून सगळ्यांत फाटकं लुगडं शोधून काढलं होतं. त्यानं सांगितलं होतं आहात तसे या, आणि त्यांना कळलं होतं ते एवढंच, की ह्या दाराला फाटकं लागतं. पूर्वी मान वर करून उभी राहिलेली बाई आता मान खाली घालून उभी होती.   पण आधी काम होणं महत्त्वाचं होतं. त्यानं तिला सगळ्यांच्या आधी तृप्तीकडे नेलं आणि म्हणाला, ही केस घ्यायचीच.

तृप्तीनं घेतली. जुनी शिक्षा नावावर म्हणून जामीन मिळाला नाही, पण ती खंबीर होती. पुरावा काडीचा नाही, म्हणाली, खटला उभा राहिला की साक्षीदारच तोंडावर पडतील. तुरुंगात जाऊन गोटीरामला दोनदा भेटली. साहेब विचारतील गुन्हा कबूल आहे का, तेव्हा नाही म्हणायचं, बाकी मी बघते. त्यानं तिच्यासमोर पाठ म्हणून दाखवलं: नाही साहेब, कबूल नाही.

आणि सावळीरामनं इकडे भागीबाईला एक गोष्ट बजावली. कोर्टात तारखेला येशील तेव्हासुद्धा ह्याच लुगड्यात ये. आवारात केंद्राची माणसं असतात, इतर वकील असतात, कोणी तुला चांदी घातलेली पाहिली तर बोट दाखवतील, हिला कशाला फुकट वकील, आणि तुझा वकील जाईल. एकदा तोंड पोळलेला माणूस होता तो. ताकसुद्धा फुंकून पीत होता. तिनं मान हलवली.

तारखेच्या दिवशी पोलिसांच्या गाडीतून गोटीराम उतरला. पकडल्यापासून त्यानं घरचं माणूस पाहिलं नव्हतं. भागीबाई कोर्टाच्या दाराशी सावळीरामजवळ उभी होती. गोटीरामची नजर तिच्यावर पडली आणि तो चालता चालता थांबला. तिच्या पायांकडे पाहिलं, लुगड्याकडे पाहिलं, गळ्याकडे पाहिलं. मागच्या वेळी ह्याच दाराशी ती हिरव्या लुगड्यात, चांदीनं मढलेली उभी होती. पोलिसानं त्याला पुढं ढकललं.

आत त्याला उभं केलं. साहेबांनी आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, गुन्हा कबूल आहे का?

“कबूल हाय,” गोटीराम म्हणाला.

तृप्ती ताडकन उठली. वेळ मागितला. साहेब भले होते, त्यांनी दिला. ती बाजूला नेऊन त्याला समजावत होती, अक्षरशः हात जोडत होती, तो खाली बघून ऐकत होता. पुन्हा उभं केल्यावर साहेबांनी स्वतः सावकाश सांगितलं, हे बघ, कबूल केलंस तर शिक्षा होईल, घरी जायला मिळणार नाही, कोणी दबाव तर आणला नाही ना? गोटीरामनं ऐकून घेतलं. पण मागच्या वेळी ह्याच एका शब्दानं तो त्याच दिवशी घरी गेला होता. अंगानं अनुभवलेलं सोडून तो कानानं ऐकलेलं कसं खरं मानणार? तो पुन्हा म्हणाला, कबूल हाय साहेब, माझ्याच मनानं सांगतो.

दोन वर्षं. पहिली शिक्षा नावावर होती, म्हणून कमी करता येईना.

बाहेर व्हरांड्यात पोलिसानं दोन मिनिटं थांबू दिलं. गोटीरामला अजून नीट उमगलं नव्हतं. तो भागीबाईला विचारत होता, पाड्यानं कधीपासून वाळीत टाकलं आपल्याला? मी चोर म्हणून टाकलं का? पोरांशी तरी बोलतात का कोणी? अगं, तुला अशी पाहिली तेव्हाच समजलो, कोणी लुगडंसुद्धा दिलं नाही, कोणी बरोबर आलं नाही. म्हणून घाई केली. म्हटलं आजच्या आज घरी जाऊन पाड्याच्या पाया पडतो, आवणीच्या आधी मिटवून टाकतो.

“वाळीत नाय टाकलं रे,” भागीबाई म्हणाली. “मालनबाई माळ घेऊन पार नदीपर्यंत आलती माझ्या मागं. मीच नको म्हनले. ह्या दादांनी सांगितलं व्हतं.”

गोटीरामनं सावळीरामकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. पाड्यावर सगळं ठीक आहे हे ऐकून त्याच्या चेहऱ्यावर उलट बरं वाटल्यासारखं काहीतरी आलं, आणि मग दोन वर्षं म्हणजे किती ते हळूहळू त्याला कळत गेलं. पोलिसानं त्याला दंडाला धरून जिन्यानं खाली नेलं. सावळीराम भिंतीला टेकून रडत होता, साठी ओलांडलेला माणूस, भर कोर्टात.

भागीबाई रडली नाही. तिनं चिंध्यांचा पदर डोक्यावरून नीट घेतला, त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, आणि खरोखरच माहीत नसल्यासारखं तिनं विचारलं,

“मंग आमी कसं यायचं व्हतं, दादा?”

 दुसऱ्या दिवसापासून सावळीराम बाकावर बसला नाही. आणखी दहा वर्षं जगला, पण त्या प्रश्नाला काय उत्तर द्यायला हवं होतं ते त्याला शेवटपर्यंत सुचलं नाही. वत्सलाबाईंना तो अधूनमधून जेवताना विचारायचा, तू असतीस तर काय सांगितलं असतंस? त्या म्हणायच्या, जेवा आता.